अद्भुताचे मानकरी

जुन्या ‘चांदोबा’तले विक्रम-वेताळाचे पान डोळ्यांसमोर आणा. उपसलेली तलवार, राजाच्या खांद्यावर प्रेत, त्यातून मागे लोंबणारा पांढुरका वेताळ, वाटेत कवट्या आणि साप. चित्राच्या कोपऱ्यात बारीक सही: ‘शंकर’. त्याच अंकातल्या धारावाहिक कादंबरीच्या चित्रांवर दुसरी सही: ‘चित्रा’. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये निघू लागला आणि पुढे दोन-तीन पिढ्यांची मराठी मुले अक्षरओळख होताच या दोन सह्या वाचू लागली. गोष्ट कोणी लिहिली हे मात्र त्यांना ठाऊक नसे. मांत्रिक, राक्षस आणि अजब प्राण्यांनी भरलेल्या त्या लांबलचक मालिका तेलुगूत लिहिणारे दासरी सुब्रह्मण्यम यांचे नाव मालिकेवर छापलेच जात नव्हते.

मराठी ग्रंथव्यवहारात नेमके याच्या उलट घडत आले. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ठळक असते. ते मुखपृष्ठ ज्याने रंगवले त्याचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात असते, तेही कोणाला आठवले तर. संमेलनात लेखक व्यासपीठावर बसतो, चित्रकार फार तर प्रदर्शनाच्या दालनात उभा असतो. इतर साहित्यप्रकारांत हे एक वेळ चालून जाईल, अद्भुतात चालत नाही. कौटुंबिक कादंबरीतले माजघर वाचकाने पाहिलेले असते, वेताळ कोणीच पाहिलेला नसतो. तो आधी कोणीतरी दाखवावा लागतो, आणि ज्याने दाखवला त्याचाच वेताळ पुढे सगळ्यांचा होतो. अद्भुताचा लेखक आणि अद्भुताचा चित्रकार हे एकाच मानाचे दोन मानकरी आहेत, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. ती माझीही असल्यामुळे संपादकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी लगेच होकार दिला.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांची जागतिक संमेलने १९३९ पासून भरत आली आहेत. पहिले त्या वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कला झाले. माणसे जमली सुमारे दोनशे, बहुतेक विशी-पंचविशीतली. त्यांनी सन्मान्य पाहुणा म्हणून बोलावला तो लेखक नव्हता. तो होता फ्रँक आर. पॉल हा चित्रकार. पॉल मूळचा ऑस्ट्रियाचा, वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेला. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले तेव्हा त्याची मुखपृष्ठे पॉलने रंगवली. त्याची माणसे जरा ताठर, पण त्याची नगरे आणि यंत्रे अशी की पाहणाऱ्याने आत शिरावे. जमलेल्या पोरांना मासिकाकडे ओढले होते ते त्या मुखपृष्ठांनी, आणि ही गोष्ट त्यांनी मोकळेपणाने मान्य केली. पुढे १९७५ पासून केवळ अद्भुतकथेचे जागतिक संमेलन सुरू झाले. त्याचे पहिले ठिकाण होते प्रॉव्हिडन्स, म्हणजे लव्हक्राफ्ट या भयकथाकाराचे स्वतःचे गाव. कथाकार ज्या मातीतला, तिथे जाऊन त्याच्या कथांचा उत्सव करायचा, हे मला त्या संमेलनाचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. भारतात २०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झाले, मग ते मुंबईतही आले. तिथे चित्रकाराच्या टेबलापुढे सहीसाठी लागलेली रांग पाहिली की आपल्या मुलांना या मानाची जाण आहे याची खात्री पटते.

आपल्याकडे फक्त अद्भुतासाठी लेखक-चित्रकार एकत्र बोलावणारे मराठी संमेलन रुजलेले नाही. पण माणसे जमवायची, पाहुण्यांना नाव घेऊन बोलवायचे आणि रात्रभर अद्भुत सांगायचे-दाखवायचे, ही रीत आपली नव्हे असे कोणी म्हणू नये. कऱ्हेकाठच्या माणसाने तर नाहीच.

हा सगळा मुलूख कथांनी भरलेला आहे. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि कऱ्हा वाहू लागली, ही इथली पहिली गोष्ट. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला याच नदीचे नाव दिले. नदीच्या वरच्या अंगाला जेजुरी. तिथे मणी आणि मल्ल या दैत्यांना मल्हारीने, म्हणजे खंडोबाने, मारले, आणि शरण आलेल्या मणीला आपल्या दारी पूजेचा मानही दिला. खाली आले की मोरगाव. सिंधू दैत्याने पोटात अमृत सांभाळले होते, ते फोडून त्याला मारणारा मोरावरचा गणपती इथला. देवळासमोर शिवाचा म्हणावा असा भला थोरला नंदी बसलेला आहे. गणपतीपुढे नंदी कसा, याचीही वेगळी गोष्ट आहेच. इंदापूरच्या टोकाला नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर, जिथे प्रल्हादाने वाळूची मूर्ती घडवली म्हणतात. आणि पळसदेवचे जुने देऊळ तर उजनीच्या पाण्यात बुडालेले. ज्या उन्हाळ्यात पाणी खूप ओसरते त्या उन्हाळ्यात ते शिखरासकट वर येते, माणसे चिखल तुडवत दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली जाते. हे कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर अतिरंजित म्हणून कापले गेले असते.

कऱ्हाटी, सुपे, मोरगाव हा बारामतीचा जिरायती पट्टा. नीरेच्या कालव्याखालचा ऊस इथे नाही. इथे ज्वारी-बाजरी, माळ, मेंढरे आणि सुप्याच्या अभयारण्यातली चिंकारा हरणे. याच माळावर खंडोबाचे जागरण कसे होते ते एकदा नीट पाहावे. अंगणात चौक भरतात. पाच उसांचा, नाहीतर ज्वारीच्या धाटांचा मांडव करतात. खाली नवे वस्त्र, धान्याची रास, कलश, देवाचे टाक. दिवटी पेटते, भंडारा उधळला जातो. वाघ्याच्या हाती दिमडी, साथीला तुणतुणे, मुरळीच्या हाती घाटी. कथा सुरू होण्याआधी आवतन असते. मोरगावच्या गणपतीपासून तुळजापूरच्या भवानीपर्यंत एकेका देवाला त्याच्या गावाच्या नावासह बोलावले जाते. सगळे मानाचे पाहुणे आल्याशिवाय कथेला तोंड फुटत नाही.

मग बाणाईची कथा लागते. देव म्हाताऱ्या चाकराचे रूप घेऊन धनगरवाड्यावर राहतो. मेंढरे धुवायला नेतो आणि खडकावर आपटून सगळी मारून टाकतो. वाड्यावर आकांत होतो, बाणाईकडून लग्नाचे वचन मिळते आणि भंडाऱ्याच्या चिमटीने मेंढरे उठून उभी राहतात. इथे वाघ्या फक्त सांगत नाही. तो वाकतो, म्हातारा होतो, हातातले अदृश्य मेंढरू खडकावर आपटतो. मुरळी एका कडव्यात म्हाळसा असते, पुढच्या कडव्यात बाणाई. दिवटीच्या उजेडात भंडाऱ्याने पिवळी झालेली हवा, हाच इथला रंगवलेला पडदा. यात लेखक कोण आणि चित्रकार कोण, हे वेगळे काढता येत नाही. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ १९६१ मध्ये आले. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर राहून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबाच्या कथा गोळा करत राहिले. या दोघांमुळे माळावरची ही कथा अभ्यासाच्या टेबलावर आली. अद्भुतकथेच्या चर्चेत मात्र ती अजून आलेली नाही, आणि ही उणीव मला फार सलते.

बारामतीने लेखकाला पाहुणा म्हणून ठेवून घेतल्याचे उदाहरणही जुने आहे. मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत आले आणि १७९४ मध्ये जग सोडेपर्यंत इथलेच राहिले. १०८ रामायणे रचणाऱ्या या कवीला आपण पंडितकवींच्या रकान्यात टाकून मोकळे होतो. पण एकच कथा घेऊन तिच्यावर शंभर वेगवेगळे निर्बंध घालायचे, एका रामायणात ओठाला ओठ लागणारे अक्षरच येऊ द्यायचे नाही, हा कल्पनेचा प्रचंड खेळ आहे. या आर्या लोकांच्या कानी घातल्या त्या सोलापूरच्या रामजोशींनी, कीर्तनातून. इथेही रचणारा एक आणि उभा करून दाखवणारा दुसरा.

याहून मागे गेलो तर पैठण लागते. सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत रचली. राजाने ती नाकारली, तेव्हा तो रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. राजाला पश्चात्ताप झाला तोवर सात लाखांपैकी एकच लाख श्लोक उरले होते. हे आपल्याला सांगितले ते अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाने, ‘कथासरित्सागरा’त. वेताळाच्या पंचवीस गोष्टी याच सागरातल्या. म्हणजे ‘चांदोबा’तल्या वेताळाचे मूळ शोधत गेलो तर वाट गोदाकाठच्या एका नाकारलेल्या लेखकापाशी पोचते.

चित्रांची परंपराही तितकीच खोल आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातले प्रसंग गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. पैठणी शैलीची जुनी चित्रे पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. मोठाल्या डोळ्यांचे राक्षस, एका बाजूने दिसणारे चेहरे, कागदभर भरलेला लाल. यांत कोणाचीच सही नाही.

छापखाना आला आणि या दोन कलांची फारकत झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. रिसबूडांनी आपल्या प्रस्तावनेत जे मांडले ते आजही विचारात पाडते. आपल्या समाजातल्या विवाहाच्या रीतींमुळे आणि इतर कारणांनी रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे काही उरतच नाही, म्हणून रंजक पुस्तक लिहायचे तर लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांचा मुद्दा होता. अद्भुत हे वास्तवापासून पळणे आहे असा आरोप पुढे शतकभर झाला. रिसबूड मात्र सांगत होते की वास्तवच कोंडलेले आहे. एका कादंबरीकाराने आपल्या समाजावर केलेली ही टीका आहे, आणि तिची दखल फार थोड्यांनी घेतली.

हरिभाऊ आपट्यांनंतर वास्तवाचा प्रवाह मुख्य झाला. त्यातून मराठीला फार मोठी पुस्तके मिळाली. पण अद्भुताची रवानगी मुलांच्या कपाटात आणि रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर झाली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) पिढ्यांनी रात्र रात्र जागून वाचली, समीक्षेने तिला दोन ओळी दिल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अद्भुताची वेगवेगळी घराणी उभी राहिली. नारायण धारपांचे घराणे भयाचे. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांच्याकडून त्यांनी पुष्कळ घेतले, हे कोणी नाकारत नाही. पण पाश्चात्त्य भयकथेतला माणूस बहुधा एकटा पडतो. धारपांनी त्याच्या पाठीशी ‘समर्थ’ उभे केले, शांत, निर्लोभ, अडल्या माणसाच्या हाकेला येणारे. आपल्या घरांत संकटाच्या वेळी गुरूची आठवण निघते ती जागा धारपांनी अचूक ओळखली, आणि उसनी चौकट त्यामुळे त्यांची स्वतःची झाली. रत्नाकर मतकरींची गूढकथा वेगळी. तिथे भूत बाहेरून येण्याआधी माणसाच्या मनातच घर करून असते. मतकरी स्वतः चित्रेही काढत. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ रंगमंचावर आणणारा हा लेखक अद्भुत डोळ्यांना दिसले पाहिजे हे पुरते जाणून होता.

जी. ए. कुलकर्णी यांना कुठल्याही घराण्यात बसवता येत नाही. ‘इस्किलार’, ‘विदूषक’, ‘प्रवासी’ या कथांतले प्रदेश नकाशावर नाहीत, तिथले राजे आणि वाटसरू कुठल्या शतकातले ते सांगता येत नाही, आणि तरी तिथला ऊन-वारा अंगाला लागतो. टॉल्किनने आपल्या काल्पनिक जगाला भाषा, वंशावळी आणि नकाशे दिले. जी. एं.नी यातले काहीच दिले नाही, फक्त नियतीचा दाब दिला. माझ्या मते मराठी अद्भुताचे सर्वांत उंच शिखर हेच. जी. ए. धारवाडात राहिले, सभा-संमेलनांपासून आयुष्यभर दूर राहिले. तेही चित्रे काढत, आणि त्यांच्यावरचे एक जिव्हाळ्याचे पुस्तक लिहिले ते सुभाष अवचट या चित्रकाराने.

मुलांसाठी विंदा करंदीकरांनी एटू लोकांचा देश वसवला, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न आणला. विज्ञानकथेला मराठी विज्ञान परिषदेने आधार दिला. परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली, लेखक ‘नारायण विनायक जगताप’. नाव मोठे म्हणून बक्षीस नको, यासाठी जयंत विष्णु नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली, आणि पहिली आली. नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते २०२१ मध्ये अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आले नाही. तरी कल्पनेच्या साहित्याला त्या खुर्चीपर्यंत पोचायला किती काळ लागला, याची नोंद त्या निवडीने झाली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली.

चित्रकारांपैकी दोघे गोमंतकीय. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला. रघुवीर मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ चालवला, देवदेवतांची चित्रे घरोघर पोचवली आणि अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही केली. एकाच हातातून देवी लक्ष्मी आणि पिस्तूलधारी ‘काळा पहाड’ उतरत होते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर तोच मऊ, धूसर प्रकाश पडलेला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्रकथे’त राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांनी असुरांना आणि विमानांना जी रूपे दिली, ती पुढच्या पिढ्यांच्या डोक्यात कायमची बसली. दिवाळी अंकाने लेखक-चित्रकारांना निदान एका बांधणीत ठेवले. आपल्या अद्भुताला वर्षातून एकदा भरणारे जे संमेलन मिळाले, ते हेच.

आज हे सगळे मांडायचे कारण काय? ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा थोडक्यांनी पाहिला. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्याच्या मुळाशी धारपांच्या कथा आहेत आणि दिग्दर्शक राही बर्वे यांनी आधी रेखाटलेला शेकडो पानांचा स्टोरीबोर्ड आहे, म्हणजे पुन्हा शब्द आणि चित्र. मुग्धा कर्णिकांनी टॉल्किनची महाकथा ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. वाचक तयार आहे. पण याच वेळी दुसरे काही घडते आहे. संगणकाला चार शब्द सांगितले की राक्षस, किल्ला, चंद्र असे गुळगुळीत चित्र क्षणात मिळते, आणि ते मुखपृष्ठावर लागते. त्या राक्षसाला गाव नसते. पैठणच्या राक्षसाचे डोळे वेगळे, पिंगुळीच्या राक्षसाचे वेगळे, शंकरच्या राक्षसाचे वेगळे, कारण तिघांनी वेगवेगळी माणसे आणि वेगवेगळी देवळे पाहिली होती. हा फरक पुसला गेला तर मराठी अद्भुताचे निम्मे अंग जाईल, आणि ते गेल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण त्या निम्म्या अंगाची नावेच आपण लिहून ठेवली नाहीत.

हे पुस्तक ती नावे लिहिते. त्यातले लेख जोडीने लावले आहेत, एका लेखकासमोर एक चित्रकार किंवा सादरकर्ता. काही जोड्या प्रत्यक्षात एकत्र काम केलेल्या आहेत, काही संपादकांनी मुद्दाम समोरासमोर बसवल्या आहेत. अशी एखादी जोडी वाचकाला पटणार नाही, मलाही एक-दोन पटल्या नाहीत. पण वाद व्हावा इतका मजकूर प्रथमच एका ठिकाणी आला आहे. हा इतिहास नव्हे. झाडीपट्टी, दशावतार, बृहन्महाराष्ट्रातले लेखन यांना यात पुरेशी जागा मिळालेली नाही. अभ्यासकांइतकीच नव्या वाचकाची सोय पाहिली आहे. ज्याने धारप वाचले पण चित्रकथी पाहिला नाही, किंवा जागरणात रात्र काढली पण जी. ए. उघडले नाहीत, त्याला कुठल्याही पानापासून सुरुवात करता येईल.

एक गोष्ट संपादकांनी हट्टाने केली. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव, चित्र प्रथम जिथे छापले गेले ते ठिकाण आणि वर्ष दिले आहे, आणि तेही लेखाच्या शीर्षकाच्याच टाइपात. जिथे नाव सापडले नाही तिथे ती ओळ कोरी ठेवली आहे. कोणाच्या घरी जुना अंक, मूळ चित्र किंवा चित्रकाराचे पत्र असेल, तर त्याने ती ओळ भरून प्रकाशकांकडे पाठवावी. पुढच्या आवृत्तीत ते नाव छापले जाईल.